मातीसाठीची भुकटी छातीत जाते तेव्हा

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

त्या आणि त्यांचे धाकटे दीर मिळून तीन वर्षांपासून बायोचार, म्हणजे मातीत मिसळायचा कोळसा, बनवून विकतात. सुतारकामातला टाकाऊ माल आणि भाताचं तूस भट्टीत जवळजवळ हवाबंद तापवायचं, निवलं की कोळसा दळायचा, चाळायचा आणि पोती भरायची. दळण दीर बघतात. चाळणी आणि पोती यांच्याकडे. वर्षभरापूर्वी गिऱ्हाईक 'नॅनो', म्हणजे अतिसूक्ष्म भुकटी, मागू लागलं म्हणून बॉल मिल (आतल्या गोळ्यांच्या माऱ्याने दळणारं यंत्र) घेतली. तेव्हापासून माल इतका बारीक निघतो की पोत्याचं तोंड उघडलं तरी धूर निघाल्यासारखा उडतो. नाकातोंडाला रुमाल बांधतात, तरी संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं येतं. दीड महिन्यापासून कोरडा खोकला आहे. एक्स-रे काढला, तो 'क्लिअर' आला. सात वर्षांची मुलगी शाळा सुटली की शेडमध्येच येऊन बसते, आणि तिला दमा आहे. मध्यंतरी त्यांच्या वाचनात आलं की नॅनो कण फुप्फुसातून थेट रक्तात उतरतात, तेव्हापासून झोप उडाली आहे. दिरांचं म्हणणं, "वहिनी, लाकडाचाच कोळसा आहे, केमिकल नाही. विषबाधा झाली तर डॉक्टरसुद्धा कोळसा पाजतात. आणि एक्स-रे तर क्लिअर आलाय." घर या धंद्यावर चालतं. त्या विचारतात: धंदा बंद करू का? की मी उगाच घाबरतेय? आणि आतापर्यंत जे आत गेलं त्याचं काय?

ताई,

आधी खोकल्याचं बोलू. बाकीच्या गोष्टींना आठवडाभर उशीर झाला तर चालेल, याला नको. दीड महिना टिकलेला खोकला 'हवा बदलली असेल' म्हणून सोडून देण्यातला नाही. पुन्हा डॉक्टरांकडे जा, शक्यतो छातीच्या तज्ज्ञांकडे, आणि या वेळी पहिलं वाक्य खोकल्याचं नको, कामाचं सांगा: 'मी तीन वर्षं रोज इतके तास कोरड्या कोळशाच्या भुकटीत काम करते, त्यात भाताच्या तुसाचा कोळसाही असतो.' बहुतेक पेशंट हे सांगतच नाहीत, आणि गर्दीच्या वेळी डॉक्टरांचंही विचारायचं राहून जातं. मग खोकल्याचं औषध मिळतं आणि खोकल्याचं कारण जिथल्या तिथे राहतं.

एक गोष्ट तुम्ही घरीच बघू शकता. सलग दोन-तीन दिवस शेडपासून लांब राहिलात तर खोकला हलका होतो का? कामावर परतल्यावर पुन्हा चढतो का? याचं उत्तर आकड्यांत मिळवायचं असेल तर पीक फ्लो मीटर नावाची हातात मावणारी नळी मिळते. तिच्यात जोरात फुंकायचं, काटा कुठवर सरकला ते वहीत लिहायचं. दिवसातून चार वेळा, दोन-तीन आठवडे, आणि त्यात कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस दोन्ही आले पाहिजेत. कामाच्या दिवशी आकडे उतरत असतील आणि सुट्टीत चढत असतील, तर ती वही डॉक्टरांना एक्स-रेपेक्षा जास्त सांगेल.

एक्स-रे क्लिअर आला ही चांगलीच बातमी आहे. पण ती कशाची बातमी आहे हे नीट समजून घ्या. मोठा डाग नाही, पाणी नाही, फुप्फुस ठळकपणे आक्रसलेलं नाही, एवढं ती फिल्म सांगते. बारीक श्वासनलिकांची सूज तिच्यात दिसत नाही. फुप्फुस काम कसं करतंय हे बघायला स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्राच्या नळीत जोरात फुंकून करायची तपासणी, करतात. तिशीच्या आसपासपासून निरोगी माणसाचीही, पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकता येणारी हवा दर वर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटते. तुमची त्याहून वेगाने घटतेय का, हे पुढे कळायचं तर आजचा आकडा कागदावर हवा. तो कागद जपून ठेवा आणि दर वर्षी तपासणी करून शेजारी नवा आकडा मांडा. दिरांचीही करून घ्या. मिलशी ते उभे असतात, त्यांना खोकला नाही म्हणून त्यांना वगळू नका.

दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात क्षयाची शंकाही फेडून घ्यावी, आणि सिलिकेच्या (वाळूतल्या मुख्य घटकाच्या) धुळीत काम करणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्यांना क्षयाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सिलिका इथे कुठून आली ते पुढे सांगते. थुंकीत रक्त दिसलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री घामाने अंथरूण ओलं होऊ लागलं, वजन उतरू लागलं, तर तेही अंगावर काढू नका.

आता दिरांचं म्हणणं. मला ते हट्टी वाटत नाहीत. ज्या गोष्टीवर घर चालतं तिच्यात खोट आहे असं कुणालाच चटकन मान्य होत नाही. पण त्यांचं विषबाधेवरचं उदाहरण इथे लागू पडत नाही. तो कोळसा पोटात जातो, आणि पोटाला बाहेर पडायचा रस्ता असतो. फुप्फुसाच्या टोकाला वाट संपते.

आपण श्वास घेतो तेव्हा १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडतात. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा.) त्याहून बारीक कण श्वासनलिकांपर्यंत जातात. तिथे चिकट थर असतो, त्याखाली सूक्ष्म केसांसारखे तंतू सतत हलत असतात, आणि तो थर हळूहळू वर घशाकडे ढकलला जातो. आपण तो गिळतो किंवा थुंकतो. इथवर आलेलं बरंचसं एका दिवसात निघून जातं. रुमालावर दिसणारं काळं हे असं अडलेलं, परतवलेलं आहे. त्याची किळस वाटेल, पण ते शरीराने केलेलं काम आहे. काळजी करायची ती रुमालावर न आलेल्याची.

अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण पार वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. हे वायुकोश कोट्यवधी असतात, आणि त्यांच्या पातळ पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो. हा पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, म्हणून तिथे ना चिकट थर असतो ना हलणारे तंतू. तिथली सफाई भक्षक पेशी करतात. कण गिळतात आणि सरकत सरकत बाहेरच्या वाटेला लागतात. या कामाला दिवस नव्हे, आठवडे आणि महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त. रोज नवी भुकटी येत राहिली तर या पेशी थकतात, त्यांच्यातून जळजळ वाढवणारी रसायनं बाहेर पडतात, आणि वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर मऊ पडद्याच्या जागी वण तयार होऊ लागतो. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांना होणारा फुप्फुसाचा आजार याच वाटेने येतो. तिथेही कोळसा 'नैसर्गिक'च होता.

तुमच्या मिलमध्ये काय घडतं ते एका हिशेबातून बघा. कोळशाचा एक मिलिमीटरचा घनाकृती कण घ्या, वाळूच्या दाण्याएवढा. त्याचे १०० नॅनोमीटरचे, म्हणजे मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे, तुकडे केले तर ते होतात १ लाख कोटी. वजन तेवढंच, पण बाहेरचा पृष्ठभाग दहा हजार पट वाढतो. दाण्याचा पृष्ठभाग ६ चौरस मिलिमीटर होता, तो ६०० चौरस सेंटिमीटर झाला, म्हणजे जवळजवळ एक ए-४ कागद. फुप्फुसाच्या पेशींना वजन कळत नाही, त्यांना हा पृष्ठभाग भिडतो. प्रयोगशाळेत फुप्फुसाच्या पेशींवर केलेल्या प्रयोगांत बायोचारचा कण जितका बारीक तितकी जळजळ जास्त, असंच सर्वसाधारणपणे दिसतं, त्यामागे हेच गणित आहे.

आकाराचा खेळ आणखी एका अर्थाने विचित्र आहे. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे पुष्कळसे कण श्वासाबरोबर आत जातात आणि तसेच बाहेर येतात. पण २० नॅनोमीटरच्या आसपास उतरलात की हवेच्या रेणूंचे धक्के खात ते सैरावैरा भटकतात, आणि आत गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे वायुकोशांच्या भिंतींना चिकटतात.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. २०१७ मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे नॅनो कण हुंगायला दिले. सोनं निवडलं कारण ते शरीरात निरुपद्रवी असतं आणि मोजता येतं. ते रक्तात सापडलं, आणि तीन महिन्यांनंतरही सापडत होतं. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना हवेतल्या काजळीचे कण वारेच्या, गर्भाकडच्या बाजूला आढळले. म्हणून तुमच्यासारखं काम करणारी कुणी गरोदर असेल तर तिने कोरड्या भुकटीपासून लांबच राहावं, यात मला जराही दुमत नाही. पण 'थेट रक्तात उतरतात' या शब्दांनी जे चित्र उभं राहतं ते तसं नाही. पलीकडे जातो तो फार थोडा भाग. बहुतांश कण फुप्फुसातच राहतात आणि खरा त्रास तिथे होतो. शिवाय तुमच्या शेडमधले सगळे नॅनो कण सुटे फिरत नसतात. बरेचसे एकमेकांना आणि मोठ्या कणांना चिकटून राहतात. त्यामुळे 'नॅनो' या एका शब्दाला घाबरून साध्या बारीक धुळीकडे दुर्लक्ष करू नका. तुमच्या छातीत वजनाने जे जास्त गेलं असेल ते तीच धूळ असेल, आणि ती बॉल मिल येण्याआधीपासून उडत होती.

पत्र वाचताना मला दोन जागी थांबावं लागलं, आणि नॅनोचा उल्लेख त्यात नव्हता. एक, भाताचं तूस. तुसाच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. बेताच्या तापमानाला ती काचेसारखी, अस्फटिक राहते. भट्टी फार तापली, किंवा एखाद्या कोपऱ्यात उष्णता साठली, तर तिचं स्फटिकी रूप तयार होऊ शकतं. स्फटिकी सिलिकेने सिलिकोसिस, म्हणजे फुप्फुसात वण पडण्याचा आजार, होतो, आणि कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९७ मध्येच तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत २०१६ पासून तिची मर्यादा आठ तासांच्या पाळीत एका घनमीटर हवेमागे सरासरी ५० मायक्रोग्रॅम आहे. एवढी धूळ डोळ्यांना दिसतही नाही.

दुसरं, सुतारकामातला टाकाऊ माल. त्यात रंग दिलेले, वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेले, प्लायवूडचे तुकडे असतात का? अशा औषधात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असू शकतं, आणि भट्टीत धातू नाहीसे होत नाहीत, कोळशात आणि राखेत साठतात. दिरांना म्हणावं, 'केमिकल नाही' हे वाक्य इथे तपासायला हवं. हा माल आजपासून वेगळा काढा. स्वच्छ, बिनरंगाचं लाकूडच भट्टीत जाऊ द्या.

बायोचारवर अन्यायही करायला नको. नीट जाळलेल्या लाकडाच्या कोळशात जे घातक हायड्रोकार्बन तयार होतात ते कोळशाला घट्ट चिकटून राहतात, सहजासहजी सुटत नाहीत. युरोपात आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१२ पासून बायोचारची मानकं आहेत आणि त्यांत या हायड्रोकार्बनना आणि धातूंना मर्यादा घातली आहे. तुमच्या मालाचा एक नमुना प्रयोगशाळेत देऊन या दोन्ही गोष्टी तपासून घ्या, आणि तुसाच्या कोळशात स्फटिकी सिलिका आहे का तेही विचारा. गिऱ्हाइकाला दाखवायला तो कागद उपयोगी पडेलच, पण तो आधी तुमच्यासाठी आहे.

आता मला तुम्हालाच एक प्रश्न विचारायचा आहे. एवढं बारीक दळायचं कशासाठी? गिऱ्हाईक मागतं म्हणून, हे कळलं. पण माती पाणी आणि खत धरून ठेवते ती कोळशाच्या आतल्या छिद्रांमुळे, आणि ती छिद्रं दोन-तीन मिलिमीटरच्या तुकड्यातही असतात. अति दळलं तर त्यातली मोठी छिद्रं मोडतात. अतिबारीक भुकटी वाऱ्याने उडते, पाण्याबरोबर मातीतून खाली वाहून जाते आणि जाताना चिकटलेलं घेऊन जाते. विशिष्ट कामांसाठी नॅनो बायोचार लागतो, जसं पाणी शुद्ध करण्याचे प्रयोग. बागेत किंवा शेतात मिसळायला मात्र जाडसर चुरा किंवा गोळ्या चांगल्याच. तुमच्याकडून घेणाऱ्यांपैकी किती जणांना खरोखर नॅनो लागतं आणि किती जणांना तो शब्द आवडतो, हे एकदा विचारून बघा. मला वाटतं, तुमची निम्मी अडचण या चौकशीत सुटेल.

ज्यांना बारीकच हवं त्यांना ओलं द्या. इथेच सगळी गोम आहे. भिजलेला कोळसा उडत नाही, मग तो कितीही बारीक असो. पण भिजवायचं कधी, हे महत्त्वाचं. कोरड्या भुकटीवर पाणी मारलं तर ती पाणी झिडकारते, वर तरंगते आणि फवाऱ्याच्या धक्क्याने आणखी उडते. म्हणून भुकटी नाही, तुकडे भिजवायचे. भट्टीतून काढलेला कोळसा पूर्ण निवल्यावर, दळण्याआधी, टाकीत बुडवून ठेवा, आत पाणी मुरू द्या, आणि मग दळा. बॉल मिलमध्येही पाणी घालून दळता येतं, मिल तशी आहे का ते बनवणाऱ्याला विचारा. माल लगद्याच्या रूपात निघेल, तो डब्यात भरून तसाच विकता येतो. यात आणखी एक फायदा आहे. ताज्या कोरड्या कोळशाचा ढीग हवेतला प्राणवायू शोषून आपोआप तापतो आणि कधी पेटतोही, आणि बंद जागेत उडालेली बारीक भुकटी एका ठिणगीने भडकू शकते. ओलाव्याने हे दोन्ही धोके उतरतात.

फक्त एक लक्षात ठेवा. लगद्याचे शिंतोडे जमिनीवर, मिलवर, चपलांवर वाळले की त्यांची पुन्हा भुकटी होते. ते ओले असतानाच धुवा. केरसुणीने कोरडं झाडणं आजपासून बंद. ओल्या फडक्याने पुसा. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक कण मागच्या बाजूने परत हवेत सोडतो, घ्यायचाच तर हेपा फिल्टरचा (अतिबारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचा) घ्या. हवेच्या पाइपने कपडे साफ करायची सवय असेल तर ती तर मुळीच नको.

जे काम कोरडंच करावं लागेल त्यासाठी चाळणी आणि मिल झाकून घ्या, आणि जिथून भुकटी सुटते तिथूनच हवा ओढून फिल्टरमधून बाहेर नेणारा पाइप बसवा. छताचा पंखा याला पर्याय नाही, तो धूळ सगळीकडे सारखी वाटतो. हे सगळं झाल्यावर मास्क. रुमाल म्हणजे मास्क नव्हे, सर्जिकल मास्कही नव्हे. एन-९५ किंवा त्याच्या वरचा घ्या. नॅनो कण अतिबारीक म्हणून फिल्टरमधून आरपार जातील अशी भीती असते, पण तसं नाही. ते इतके भटकतात की धाग्यांवर आपटून अडकतात, आणि चांगला एन-९५ त्यांनाही अडवतो. खरी गळती असते ती कडेने. आणि इथे तुमचा कोळसाच तुम्हाला मदत करेल. काम संपल्यावर मास्क काढला की आरशात बघा. नाकाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या खाली काळ्या रेघा उतरल्या असतील तर हवा तिथून आत शिरत होती. मास्कच्या आतल्या कडेवरही तसाच ठसा उमटतो. नाकावरची पट्टी पुन्हा दाबा, दुसरा आकार वापरून बघा, रेघ नाहीशी होईपर्यंत. दिरांना दाढी असेल तर त्यांचा मास्क कधीच नीट बसणार नाही, हेही त्यांना सांगा. रोजचंच काम आहे म्हणून बदलता येणाऱ्या पी-१०० फिल्टरचा रबरी अर्धमास्क तुम्हाला जास्त परवडेल आणि चांगला बसेल.

मुलीच्या बाबतीत मी सौम्यपणे बोलणार नाही. तिने शेडमध्ये बसायचं नाही, आजपासून. काम थांबल्यावर तासाभराने हवा स्वच्छ होते असं वाटतं, पण १० मायक्रॉनचा कण माणसाच्या उंचीवरून स्थिर हवेत खाली बसायला आठ-दहा मिनिटं घेतो, तर एका मायक्रॉनचा जवळजवळ अर्धा दिवस. त्याहून बारीक कित्येक दिवस तरंगत राहतात. म्हणजे सकाळची भुकटी ती संध्याकाळी श्वासात घेते. मुलं वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतात, आणि तिच्या श्वासनलिका आधीच हळव्या आहेत. तिला बसायला दुसरी जागा शोधणं ही या पत्रातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात तातडीची गोष्ट आहे. आणखी एक, जी कदाचित तुमच्या ध्यानात आली नसेल. तुम्ही घरी आलात की ती धावत येऊन तुमच्या कुशीत तोंड खुपसत असेल. ते कपडे शेडमध्येच उतरवायचे, न झटकता पाण्यात बुडवायचे, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवायचे. चपला वेगळ्या. केस आणि चेहरा धुऊन मगच घरी. त्यानंतर तिला हवं तेवढं कुशीत घ्या.

'आतापर्यंत जे आत गेलं त्याचं काय?' हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण मला वाटतं झोप उडाली ती याच्याने. ते बाहेर काढणारं औषध नाही. कुणी काढा, वाफ किंवा 'फुप्फुस साफ करणारं' काही विकत असेल तर घेऊ नका. फुप्फुसात किती नॅनो कण साचले हे मोजणारी नेहमीची तपासणीही नाही, म्हणून निव्वळ धास्तीपोटी सीटी स्कॅनच्या मागे लागू नका, तो लागेल की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. पण मघाशी सांगितलेल्या त्या भक्षक पेशी आज रात्रीही काम करत आहेत. नवी भुकटी येणं थांबलं की त्यांना जुनी उपसायला वेळ मिळतो. तीन वर्षं म्हणजे तीस वर्षं नव्हेत, आणि तुमचा एक्स-रे स्वच्छ आहे. घरात कुणी सिगारेट-विडी ओढत असेल तर मात्र ती आधी सुटायला हवी, कारण ती या सफाईची यंत्रणाच पंगू करते.

असंच काम करणारे इतरही हे वाचत असतील. वर्षातून एक-दोन पोती बागेत मिसळणाऱ्यांनी तुमच्याएवढी काळजी करण्याचं कारण नाही. पोतं उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन उघडा, आधी पाणी ओता, मुरू द्या, मग हात घाला. एकदा मातीत ओलं मिसळलं की श्वासाचा प्रश्न संपला.

आणि धंदा? माझ्या मते बंद करू नका. कोरडं दळणं, कोरडं चाळणं आणि कोरडी पोती भरणं तेवढं बंद करा. तुमच्या खोकल्याचं निदान होईपर्यंत भुकटीच्या जवळ तुम्ही अजिबात जाऊ नका. ऑर्डर घेणं, हिशेब, गिऱ्हाइकांशी बोलणं हे तुमच्याकडे ठेवा. पण तुमचं काम दिरांनी तसंच कोरडं पुढे चालवायचं, ही अदलाबदल नव्हे. तोवर हातात असलेला जाडसर माल विका, नॅनोच्या ऑर्डरींना थोडा वेळ मागा.

दिरांना पटवायला माझं हे उत्तर वाचून दाखवलंत तर कदाचित आणखी वाद होईल. त्यापेक्षा एका रात्री, तुम्ही नसताना, त्यांनी चांगला मास्क लावून शेडमध्ये एकट्याने जावं. सगळे दिवे बंद. एक जोरदार बॅटरी समोर, चाळणीच्या पलीकडे, आपल्या दिशेने झोत येईल अशी ठेवायची, आणि डोळ्यांवर थेट उजेड येऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. मग एक रिकामं पोतं एकदाच हलवायचं. कारखान्यांतली हवा तपासणारे तज्ज्ञ धूळ अशीच बघतात. मी एकदा अशा शेडमध्ये उभी राहून पाहिलं आहे. दिवसा रिकामी वाटणारी हवा त्या झोतात दाट भरलेली दिसते, आणि ती भुकटी खाली बसत नाही, श्वासाच्या उंचीवर वळसे घेत राहते. भुकटी नेमकी कुठून सुटते आणि कुठे जाते हेही तेव्हाच कळतं, म्हणजे झाकण कुठे बसवायचं आणि ओढणारा पाइप कुठे हवा ते तेच ठरवू शकतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही फक्त विचारा, "भावोजी, भिजवायची टाकी कुठे ठेवायची?"